पार्किंगमधला काळा डाग: गाडीचं ऑइल नेमकं कुठून गळतंय, आणि दोष खरंच ई-२० चा आहे का?

सकाळची वेळ. सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर निघते आणि वॉचमन काका मागून हाक मारतात, "साहेब, तुमच्या जागेवर ऑइल पडलंय." फरशीवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा काळपट डाग. त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि पाच मिनिटांत तीन उत्तरं येतात. पहिलं, "ई-२० पेट्रोलने वाट लावली." दुसरं, "दहा वर्षं झाली ना गाडीला? काढून टाका, आता जीएसटी पण कमी झालाय." तिसरं, "इंजिन उतरवावं लागणार, माझ्या मेव्हण्याचं सेम झालं होतं."

गंमत म्हणजे तिघांपैकी एकानेही बॉनेट उघडून बघितलेलं नसतं.

एरवी हा विषय गॅरेजपुरता राहिला असता. पण २०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या बाबतीत एकामागून एक निर्णय झाले. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजारांवरून १० हजार रुपये केली. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं, त्याविरोधातली जनहित याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबरला फेटाळली. त्यामुळे गाडीखाली एक थेंब पडला तरी प्रश्न लगेच मोठा होतो. दुरुस्त करायची, का विकून मोकळं व्हायचं? लाखांचा निर्णय डागाकडे बघून घेतला जातो आणि बऱ्याचदा त्या डागामागे असतं काही शे रुपयांचं रबरी पॅकिंग.

आधी ई-२० चं बघू.

इथेनॉलचा जुन्या रबरावर परिणाम होतो, हे खोटं नाही. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मधल्या खुलाशात मान्य केलं होतं, की काही जुन्या गाड्यांमध्ये रबरी भाग आणि गॅस्केट्स लवकर बदलावी लागू शकतात. पण हे भाग कुठले? तर ज्यांच्यातून पेट्रोल वाहतं ते. टाकीपासून इंजिनापर्यंतचा पाइप, पंपाची सील, इंजेक्टरच्या ओ-रिंगा. इंजिन ऑइल अडवून धरणारी सील आणि पॅकिंग ही वेगळी जमात आहे. ती ऑइलमध्ये बुडालेली असतात, पेट्रोलमध्ये नाही. थंड इंजिनावर रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली तर थोडं इंधन पिस्टनच्या रिंगांच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं हे खरं, पण दहा वर्षांच्या गाडीचं पॅकिंग कडक होऊन चिरतं ते मुख्यतः उष्णतेने आणि वयाने. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे डिझेल गाड्या. त्यांच्या टाकीत ई-२० कधी जातच नाही, तरी त्यांचं ऑइल गळतंच की.

एक फरक मात्र जिवावरचा आहे. गाडीखालच्या ओलसर डागाला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते ऑइल लीक नाही, इंधन लीक आहे. तिथे गाडी सुरू करून बघू वगैरे प्रयोग करायचे नाहीत. गाडी आहे तिथेच ठेवायची, मेकॅनिकला तिथे बोलवायचं.

आता डाग नेमका कशाचा आहे ते ओळखायचं. रात्री इंजिनाखाली जुना पुठ्ठा किंवा पांढरा कागद पसरून ठेवायचा, वर दगड ठेवायचा. सकाळी रंग दिसतो आणि थेंब कुठल्या बाजूला पडतोय तेही कळतं. पातळ, रंगहीन, वास नसलेलं पाणी असेल तर बहुतेक वेळा ते एसीचं असतं. उन्हाळ्यात ते पडलंच पाहिजे, नाही पडलं तर उलट काळजी. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. लालसर तेलकट असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल असण्याची शक्यता जास्त. फिकट पिवळं, निसरडं आणि चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेक ऑइलचा संशय घ्यायचा आणि त्या गाडीला किल्ली लावायची नाही. इंजिन ऑइल नवीन असताना मधासारखं सोनेरी असतं, मग तपकिरी, मग काळं होत जातं. बोटांत चोळलं की गुळगुळीत लागतं.

इंजिन ऑइलच आहे हे ठरलं की पुढचं काम डिपस्टिकचं. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. बऱ्याच गाड्यांमध्ये वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवायचे आणि आठवड्याने पुन्हा बघायचं. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर आधी ऑइल भरायचं, मगच गाडी गॅरेजला न्यायची. भरताना उत्साहाच्या भरात वरच्या खुणेच्या पलीकडे जायचं नाही. जास्त झालेलं ऑइल क्रँकच्या फिरण्याने घुसळलं जातं, त्यात फेस होतो आणि फेसाने वंगण नीट होत नाही.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा म्हणजे "ऑइल कमी होत आलंय" अशी सूचना, असं बऱ्याच जणांना वाटतं. पेट्रोलच्या पिवळ्या दिव्यासारखं, अजून चाळीस किलोमीटर जाता येईल. तसं नाही. बहुतेक गाड्यांमध्ये तो दिवा ऑइलचं प्रेशर पडलंय हे सांगतो. म्हणजे बेअरिंगांमधला ऑइलचा थर तुटतोय आणि धातू धातूवर घासायला लागलाय. घाटात असा दिवा लागला तर "वर जाऊन बघू" म्हणायचं नाही, कडेला घ्यायचं आणि इंजिन बंद करायचं. पुढच्या काही मिनिटांत इंजिन सीझ होऊ शकतं आणि मग बिल पॅकिंगचं येत नाही, अख्ख्या इंजिनाचं येतं.

तर मग ऑइल गळतंय कुठून?

हाच सगळ्यात कठीण भाग आहे आणि पैसे वाया जातात तेही इथेच. कारण थेंब जिथे पडतो तिथून गळती होतेच असं नाही. ऑइल वरून खाली ओघळतं. गाडी चालताना समोरून येणारा वारा ते मागे ढकलतो. त्यात नव्या गाड्यांना इंजिनाखाली प्लास्टिकचं कव्हर असतं. त्यावर ऑइल साठतं आणि कव्हरच्या एखाद्या भोकातून दोन फूट लांब टपकतं. म्हणून मेकॅनिक लोकांचा जुना नियम आहे, ओलं कुठे आहे ते खालून बघायचं आणि वर चढत जायचं. सगळ्यात वरची ओली जागा सापडली की चोर जवळपास असतो.

सगळ्यात वर असतं टॅपेट कव्हर. त्याच्या खालचं रबरी पॅकिंग इंजिनाच्या गरमीत वर्षानुवर्षं भाजलं जातं आणि कडक होतं. इथून ओघळलेलं ऑइल पुढे एक्झॉस्टच्या पाइपवर पडलं की जळका वास एसीच्या वाऱ्याबरोबर आत येतो, सिग्नलला थांबल्यावर बॉनेटमधून हलका धूर दिसतो. आगीचा धोका इथेच असतो. पेट्रोल गाड्यांमध्ये हेच ऑइल स्पार्क प्लगच्या खोबणीत साचलं तर गाडी मिसिंग करते, आणि मग प्लग बदला, कॉइल बदला असा फेरा सुरू होतो.

त्याखाली ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशरचा स्विच, टायमिंग कव्हर, आणि सगळ्यात तळाला ऑइलचं चेंबर व त्याचा ड्रेन नट. सर्व्हिसिंग होऊन आठवडा झालाय आणि गळती सुरू झाली, तर फार लांब जायची गरज नाही. फिल्टर आणि ड्रेन नट, हे दोनच संशयित. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते, तिच्यावरच नवीन फिल्टर बसवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर घट्ट बसत नाहीत आणि प्रेशर आलं की भसाभस ऑइल बाहेर येतं. ड्रेन नटचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दरवेळी नवीन घालायचा असतो. तो वाचवायचा आणि वर नट जोर लावून आवळायचा, ही सवय वाईट. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर त्याचे आटे जातात. मग वीस-तीस रुपयांच्या वॉशरपायी अख्खं चेंबर बदलायची किंवा लेथवाल्याकडून आटे पाडून घ्यायची वेळ येते.

उरतात क्रँकची दोन सील. पुढचं पट्ट्याच्या बाजूचं. ते गळायला लागलं की ऑइल टायमिंग बेल्टवर पडू शकतं. रबरी बेल्ट तेलाने फुगतो, त्याचे दात सोलतात, आणि तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांमध्ये पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून हे सील बदलताना भिजलेला बेल्टही बदलावाच लागतो, तिथे काटकसर चालत नाही. दुसरं सील मागचं, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं. सील स्वस्त, पण तिथपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरीचा आकडा त्यामुळेच मोठा.

आणि "इंजिन उतरवावं लागेल" या वाक्याचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो.

होतं काय, की टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात चिरतं. तो कोपरा वरून नीट दिसत नाही. ऑइल इंजिनाच्या मागच्या बाजूने ओघळतं, गिअरबॉक्सच्या जोडावर येतं आणि बरोबर त्याच जागी टपकतं जिथे मागचं क्रँक सील फुटल्यावर टपकेल. काही गाड्यांमध्ये त्याच टोकाला कॅम सेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटर असतो, त्याची छोटीशी ओ-रिंग गेली तरी चित्र तेच. गाडी लिफ्टवर चढते, खालून बघितलं जातं, जोड ओला दिसतो, निदान ठरतं. गिअरबॉक्स उतरतो, "उतरवलाच आहे तर क्लच पण टाकून घ्या" असंही होतं. चार दिवसांनी गाडी घरी येते. पंधराव्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. दरवेळी यात फसवणूकच असते असं नाही. अनेकदा ती नुसती घाई असते. पण घाईची किंमत मालकाच्या खिशातून जाते.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो सहसा केला जात नाही. आधी इंजिन धुवायचं. डिग्रीझर मारून, इलेक्ट्रिकचे जोड झाकून, सगळी जुनी मळी काढायची आणि कोरडं करायचं. मग पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवायची, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचं आणि टॉर्च घेऊन बघायचं. स्वच्छ धातूवर ताजा ओघळ लगेच उठून दिसतो. तरी शंका राहिली तर संशयाच्या जागेवर साधी टाल्कम पावडर फवारायची, ती कुठून ओली होत जाते ते दिसतं. फार बारीक गळती असेल तर ऑइलमध्ये खास चमकणारा रंग टाकतात आणि जांभळ्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चच्या उजेडात तो जिथून बाहेर येतो ती जागा पिवळी-हिरवी चमकते. गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी "धुऊन, चालवून, ओघळाचा फोटो दाखवा" एवढं मागणं हा मेकॅनिकचा अपमान नाही. चांगला मेकॅनिक स्वतःहून दाखवतो.

आणखी एक गोष्ट तपासायची राहते. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून ऑइल झिरपत असेल तर सगळी सील एकदम म्हातारी झाली असं समजण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्हकडे बघायला हवं. पिस्टनच्या कडेने थोडे वायू कायम खाली क्रँककेसमध्ये येत असतात. ते परत इंजिनात ओढून घेण्यासाठी हा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप असतो. तो काजळीने बुजला की आत दाब वाढतो आणि तो दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. अशा वेळी सील बदलली तरी महिन्या-दोन महिन्यांत नवीनही गळायला लागतात. व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांमध्ये स्वस्त असतो, काढायला सोपा असतो. तो साफ असूनही ऑइल भरायच्या झाकणातून फुसफुस धूर येत असेल, तर मात्र पिस्टन रिंगांची झीज झाली असण्याची शक्यता असते. तिथे खर्च मोठा आहे आणि गाडी ठेवायची की काढायची हा प्रश्न विचारायची खरी वेळ तीच.

दुरुस्तीत हात कसा चालतो यावरही बरंच अवलंबून असतं. जुनं पॅकिंग काढल्यावर दोन्ही पृष्ठभाग पूर्ण साफ व्हायला हवेत, तेही प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने. पटाशीने खरवडलं तर ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि तोच पुढे नवीन वाट करून देतो. बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या टॉर्कनेच आवळायचे. जिथे रबरी पॅकिंग आहे तिथे वरून सिलिकॉन थापायची गरज नसते, कंपनीने सांगितलेल्या एखाद्या कोपऱ्यात ठिपका लागतो तेवढाच. "जास्त लावलं की जास्त टिकेल" या हिशोबाने थापलेलं सिलिकॉन आतल्या बाजूलाही बाहेर येतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. गळती थांबते, पण इंजिनाचा घसा आवळला जातो.

आता रीलमधल्या दोन रामबाण उपायांबद्दल. एक म्हणजे लीक थांबवणारी बाटली. तिच्यात बहुतेक वेळा रबर थोडं फुगवणारं आणि मऊ करणारं रसायन असतं. कडक झालेल्या सीलमधून जेमतेम झिरपत असेल तर काही काळ फरक पडू शकतो. चिरलेलं पॅकिंग, सैल नट, गेलेले आटे यावर तिचा काही उपयोग नाही. दुसरा उपाय जाड ऑइलचा. नव्या इंजिनांमध्ये ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल सांगितलेलं असतं, कारण त्यांच्या आतल्या फटी आणि ऑइलचे मार्ग तेवढे बारीक ठेवलेले असतात. तिथे मॅन्युअल बाजूला ठेवून जाड ऑइल ओतलं तर गळती थोडी मंदावेल, पण सकाळी स्टार्ट केल्यावर वरच्या भागांपर्यंत ऑइल उशिरा पोहोचेल. "सिंथेटिक टाकलं आणि गळायला लागली" हीसुद्धा नेहमीची तक्रार. नवीन ऑइल जुनी मळी धुऊन काढतं, आणि त्या मळीनेच आतापर्यंत बुजवून ठेवलेली फट उघडी पडते. फट आधीपासूनच होती.

मग प्रश्न येतो गॅरेजचा. वॉरंटीतली गाडी बाहेर दाखवली तर वॉरंटी जाईल, या भीतीने अनेक जण बाहेर दुसरं मत घेतच नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने त्या आदेशात सांगितलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं आणि अनेक वर्षं रेंगाळलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारीही आहेत. चुकीच्या निदानाचं बिल भरून गळती तशीच राहिली असेल तर जॉब कार्ड, बिल, काढलेले जुने भाग आणि फोटो जपून ठेवायचे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना तेच कामी येतात. जुने भाग परत मागायचे हे काम सुरू होण्याआधीच सांगितलेलं बरं, नंतर ते भंगारात सापडत नाहीत.

दर महिन्याला एखादा डाग पडतोय, डिपस्टिक हलत नाही, एक्झॉस्टवर किंवा बेल्टवर ऑइल जात नाही, अशी गळती पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू शकते. रोज थेंब पडतोय, वास येतोय किंवा पातळी आठवड्यात खाली जातेय, ती थांबू शकत नाही.

आणि ती फक्त मालकाची अडचण राहत नाही. पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी तीच बातमी असते. रस्त्यावर ऑइल, त्यावर पहिली सर, एकामागून एक घसरणाऱ्या दुचाकी, आणि माती नाहीतर वाळू टाकणारे अग्निशमन दलाचे जवान. मोठा सांडलेला पट्टा बहुतेक वेळा एखाद्या टँकरचा किंवा फुटलेल्या चेंबरचा असतो. पण सिग्नलपाशी, जिथे गाड्या थांबतात, तिथे रस्त्याच्या मधोमध जी काळी पट्टी दिसते ती हजारो गाड्यांच्या एकेका थेंबाने झालेली असते. दुचाकीवाला पाय टेकतो तोही तिथेच.

पार्किंगमधल्या डागावर पाण्याचा पाइप मारला की तो गटारात आणि तिथून नाल्यात जातो. एका ऑइल चेंजमधलं वापरलेलं ऑइल १० लाख गॅलन, म्हणजे जवळपास ३८ लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. भारतातही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या नियमांत मोडतं आणि एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे. तेव्हा डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकायची, रात्रभर राहू द्यायची, सकाळी झाडून पिशवीत भरायची. ती पिशवी आणि घरी बदललेलं ऑइल असेल तर त्याचा कॅन, दोन्ही गॅरेजवाल्याकडे द्यायचं. त्याच्याकडे वापरलेल्या ऑइलचं पिंप असतं आणि ते न्यायला माणूस येतो.